दुसऱ्याचे कागद, आपले मेमरी कार्ड : चाळीसगावकरांपुढे काही मुद्दे

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. राज्यभर झाले तेच आपल्या तालुक्यातही झाले. बायकांचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक, रेशन कार्ड यांचे फोटो दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनमध्ये निघाले. कुठे अंगणवाडी ताईंच्या, कुठे गल्लीतल्या कार्यकर्त्याच्या, कुठे झेरॉक्सवाल्याच्या. अर्ज सादर झाला म्हणून गॅलरीतला फोटो आपोआप पुसला जात नाही. म्हणूनच फोन आणि कार्ड कूटबद्ध करणे, म्हणजे एन्क्रिप्ट करणे, हा मला शौकिनांचा नव्हे तर गावाचा प्रश्न वाटतो.

१. फोनच्या आतल्या मेमरीची चिंता त्यातल्या त्यात कमी आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनची अंतर्गत मेमरी कूटबद्ध असणे बंधनकारक आहे. स्वस्त फोनलाही त्यातून सूट नाही. आयफोनमध्येही ही सोय आहे. पण या साऱ्याची किल्ली आपल्या पिनशी बांधलेली असते. पिन, पॅटर्न काहीच ठेवले नसेल तर फोन सुरू करणाऱ्याला सगळे वाचता येते. पिन सहा आकडी ठेवा, आणि गाडीचा नंबर किंवा जन्मसाल नको.

२. खरी फट मेमरी कार्डात आहे. जागा पुरत नाही म्हणून आपण कार्ड घालतो, कॅमेऱ्याचे फोटो कार्डात जातील अशी सेटिंग करतो आणि फोनला कुलूप आहे म्हणून निर्धास्त राहतो. ते कुलूप कार्डाला लागू नसते. फोनच्या बाजूच्या बारीक भोकात टाचणी खुपसली की ट्रे बाहेर येतो. त्यातले नखाएवढे कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावले की फोल्डर उघडतो आणि फोटो ओळीने दिसू लागतात. फोनचा पासवर्ड कोणी विचारतच नाही. पुसलेले फोटोसुद्धा, त्यांच्या जागी नवे काही लिहिले गेले नसेल तर, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने परत काढता येतात.

उपाय फोनप्रमाणे वेगळा आहे. सॅमसंगच्या कार्ड बसणाऱ्या अनेक फोनमध्ये सुरक्षेच्या सेटिंगमध्ये एसडी कार्ड एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय मिळतो. इतर काही फोनमध्ये कार्ड ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट करता येते. तसे केले की ते कूटबद्ध होते आणि त्याच फोनमध्ये चालते. दोन्ही वाटांवर आधी सगळ्याची दुसरी प्रत काढून ठेवा. फॉरमॅट करताना कार्डावरचे सारे जाते. शिवाय पुढे फोन बिघडला किंवा फॅक्टरी रीसेट केला, तर असे कार्ड दुसरीकडे उघडत नाही. नातवाच्या बारशाचे फोटो आणि शेताचे उतारे एका झटक्यात गमावण्याची वेळ कोणावर येऊ नये. ज्या फोनमध्ये यातला एकही पर्याय नाही, त्याच्या कार्डात गाणी आणि सिनेमे ठेवा, कागदपत्रे नकोत.

३. अंगणवाडी ताईंवर बोट ठेवून कोणी मोकळे होऊ नये. २०१९ मध्ये सरकारने त्यांना २ जीबी रॅमचे फोन दिले. त्यावर काम होईना, माहिती भरायचे पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, फोन तापायचा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर ‘मोबाईल वापसी’ आंदोलन झाले आणि सेविकांनी ते फोन परत केले. तेव्हा चर्चा त्यांच्या त्रासाची झाली आणि ती योग्यच होती. पण गरोदर बाई, स्तनदा माता, कमी वजनाचे बाळ, त्यांची नावे आणि आधार क्रमांक, ही माहिती कुठल्या फोनवर राहते, हाही त्याच भांडणाचा भाग असायला हवा होता. सरकारी काम ज्या फोनवर होते तो फोन पुरेशा मेमरीचा आणि कूटबद्ध असणे ही देणाऱ्याची जबाबदारी आहे.

४. फोनमध्ये कागद ठेवूच नका, असे मी म्हणणार नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी शहरात शिरले. घरात पाणी भरले की पेटीतले कागद वाचत नाहीत, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. फोटो ठेवाच, पण आधारसाठी शेवटचे चारच आकडे दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत आणि बाकीसाठी डिजिलॉकर वापरा.

५. चाळीसगाव जंक्शन आहे. मुंबईची गाडी, धुळ्याची गाडी, गर्दीत फोन हरवतो. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करता येतो, मग तो फोन देशातल्या नेटवर्कवर चालत नाही. मात्र कार्डाला आयएमईआय नसतो. ते काढून घेतले की पोर्टलचा हात तिथे पोहोचत नाही. दुरुस्तीला फोन टाकतानाही कार्ड आणि सिम आधी काढून घ्या.

६. कायदा आता आपल्या बाजूने आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि माहिती जपण्याच्या उपायांत त्यांनी एन्क्रिप्शनचे नाव घेतले आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. मुख्य तरतुदी लागू व्हायला नियमांपासून १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही.

७. म्हणून मागण्या साध्या आहेत. नगरपरिषद आणि पंचायत समितीने सरकारी कामाच्या प्रत्येक फोनचे लॉक आणि कार्ड तपासावे. योजनेचा अर्ज सादर झाला की कागदांचे फोटो पुसल्याची नोंद ठेवावी. अर्ज भरण्याच्या पुढच्या शिबिरात एक टेबल फोन आणि कार्ड कूटबद्ध करून देण्यासाठी असावे. हे काम शहरातल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी सहज करू शकतील, त्यांना बोलवा.

ज्यांच्या फोनमध्ये दुसऱ्या कोणाचे आधार कार्ड अजून पडून आहे, त्यांनी ते आज पुसावे. आणि आपले कागद ज्याला दिले होते, त्याला प्रत्येकाने एकदा जाऊन विचारावे.