हिरव्या कुरणाची साक्ष

भूमीची पारख तिच्यावरील गवतावरून करण्याची रीत फार जुनी आहे. गवत दाट व हिरवे असले की माती कसदार, खुरटे व पिवळे असले की निकस, असे शेतकरी अनुभवाने ठरवितो. परंतु जेथे कारखान्यांचे सांडपाणी किंवा खाणींचा गाळ मातीत मिसळतो, तेथे या पारखेवर विसंबणे धोक्याचे आहे.

जस्त गवताला अल्प प्रमाणात आवश्यकच असते. एक किलोग्रॅम वाळलेल्या गवतात ते सुमारे २० मिलिग्रॅम असले तरी पुरते. काही शे मिलिग्रॅमपर्यंत वाढले की तेच विष ठरते. मुळे खुंटतात, लोहाचा पुरवठा कमी पडून हरितद्रव्य घटते व पाने पिवळी पडतात. आखूड मुळांना स्फुरदही पुरेसे शोषता येत नाही. चारा कमी येतो आणि त्याचा कसही उतरतो. येथे निदान गवत स्वतःच धोक्याची सूचना देते.

कॅडमियमची गोष्ट निराळी. गवताला त्याचा उपयोग नाही; तरी जस्ताशी साम्य असल्यामुळे ते त्याच वाटेने मुळांत शिरून पानांपर्यंत पोचते. युरोपीय संघाने वनस्पतिजन्य पशुखाद्यासाठी किलोग्रॅममागे १ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा ठरविली आहे. पण तिच्यापेक्षा अधिक कॅडमियम असलेले गवतही टवटवीत दिसू शकते. जनावरांच्या मूत्रपिंडांत मात्र ते साचत जाते. शिसे बहुधा मुळांतच अडकते. तथापि चरणारे जनावर गवताबरोबर मातीही गिळते.

शिवाय काही गवते पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने विष सोसणारी बनतात. वेल्समधील जुन्या खाणींच्या मातीवरील अ‍ॅग्रोस्टिस गवत शिसे व जस्त सहन करते, हे ए. डी. ब्रॅडशॉ यांनी १९५२ साली दाखविले. तेव्हा हिरवेपणा हा गवताच्या सहनशक्तीचा पुरावा होय, चाऱ्याच्या शुद्धतेचा नव्हे.

भारतात हा प्रश्न दूरचा नाही. हैदराबादजवळ मुसी नदीच्या सांडपाणीमिश्रित पाण्यावर पॅरा गवत पिकवून दुभत्या जनावरांना घातले जाते. सांडपाण्यातील नत्रामुळे गवताला जोम येतो. त्या जोमावरून धातूंविषयी काहीच कळत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत मातीच्या १२ गुणांची तपासणी ठरविली गेली. त्यांत जस्त व तांबे आहेत. शिसे व कॅडमियम नाहीत.

प्रत्येक शेताची अशी तपासणी खर्चाची होईल, हा आक्षेप रास्त आहे. पण सांडपाण्यावरील व खाणींलगतच्या जमिनींपुरती ती अवश्य व्हावी, आणि मातीबरोबर चाराही तपासला जावा. आम्लधर्मी मातीत चुना घातल्यास हे धातू कमी विरघळतात. जेथे तेवढ्याने भागत नाही, तेथे वाळ्यासारखे सोशिक गवत माती धरून ठेवण्यासाठी लावावे. त्यावर गुरे सोडू नयेत. या तपासणीचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणे न्याय्य नाही, कारण विष त्याने कालविलेले नाही आणि दूध साऱ्या गावाने प्यावयाचे आहे.