‘एनबीए मान्यताप्राप्त’ म्हणजे डिग्री परदेशात चालणार का? यवतमाळच्या मुलांनी ऑप्शन फॉर्म भरण्याआधी बघायच्या गोष्टी

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे दिवस आले की आपल्या व्हॉट्सअॅपवर कॉलेजांच्या जाहिराती सुरू होतात. प्लेसमेंटचे फोटो, हॉस्टेलचे व्हिडिओ आणि खाली ठळक अक्षरात ‘एनबीए मान्यताप्राप्त’. काही जण त्याच्या पुढे ‘जागतिक मान्यता’ असंही जोडून देतात. आईवडील म्हणतात, चला, मोठं कॉलेज दिसतंय. पण ती ओळ अर्धीच आहे. उरलेली अर्धी कळली नाही तर चार वर्षांनी, कदाचित दहा वर्षांनी, दुसऱ्याच देशातल्या एखाद्या ऑफिसात ती महागात पडू शकते.

हे नुसतं घाबरवायला सांगत नाही. 2018 मध्ये कुवेतमध्ये नेमकं हेच झालं. तिथल्या मनुष्यबळ विभागाने नियम केला की इंजिनिअर म्हणून वर्क परमिट नवं करायचं असेल तर कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचं ना-हरकत पत्र हवं. आणि सोसायटीने भारतीयांसाठी निकष लावला एनबीएच्या यादीचा. वर्षानुवर्षं तिथे काम करणारी माणसं अडकली, कारण त्यांचं कॉलेज, किंवा ते पास झाले तेव्हा त्यांची ब्रँच, त्या यादीत नव्हती. गंमत बघा, आयआयटीतून शिकलेलेही त्यात होते, कारण त्यांच्या संस्थांनी एनबीएकडे कधी अर्जच केला नव्हता. एनबीए मुळात सुरू झाली 1994 मध्ये. त्याच्या आधी पास झालेल्यांनी काय करायचं? प्रकरण भारत सरकारपर्यंत गेलं. आपल्याकडे ज्या कागदाला कोणी विचारत नव्हतं, त्या कागदावर लोकांचा पगार अवलंबून होता.

आता मूळ गोष्ट. एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, कॉलेजला मान्यता देत नाही. ती देते एकेका ब्रँचला. अख्ख्या कॉलेजचं मूल्यांकन करते ती नॅक, आणि कॉलेज चालवायची परवानगी देते ती एआयसीटीई. जाहिरातीत या तिन्हींची खिचडी असते. मेकॅनिकलला एनबीए आहे म्हणून त्याच इमारतीतल्या कॉम्प्युटरला ती आपोआप मिळत नाही. शिवाय ती कायमची नसते: तीन किंवा सहा वर्षांसाठी मिळते, मग पुन्हा तपासणी.

आणखी एक अट आहे, जी नव्या ब्रँच घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. ब्रँचच्या किमान दोन बॅच पास झाल्याशिवाय कॉलेजला अर्ज करता येत नाही. म्हणजे एआय आणि डेटा सायन्सची ब्रँच 2022 मध्ये सुरू झाली असेल, तर पहिली बॅच 2026 ला आणि दुसरी 2027 ला बाहेर पडणार. त्याआधी ‘एनबीए आहे’ असं त्या ब्रँचबद्दल कोणी सांगत असेल, तर सरळ सर्टिफिकेट मागा.

मग ‘जागतिक’ कुठून आलं? वॉशिंग्टन अकॉर्डमधून. 1989 मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आयर्लंड या सहा देशांच्या संस्थांनी ठरवलं की एकमेकांनी तपासलेल्या इंजिनिअरिंग पदव्या आपल्याच बरोबरीच्या मानायच्या. आज त्यात 20 हून अधिक देश आहेत. भारत 2007 पासून तात्पुरता सदस्य होता आणि जून 2014 मध्ये एनबीए पूर्ण सदस्य झाली.

इथेच यवतमाळचा प्रश्न येतो. एनबीएच्या दोन पातळ्या आहेत: टिअर-1 आणि टिअर-2. टिअर-1 स्वायत्त कॉलेजं, विद्यापीठांचे स्वतःचे विभाग, एनआयटी वगैरेंसाठी. टिअर-2 विद्यापीठाला संलग्न कॉलेजांसाठी. आणि वॉशिंग्टन अकॉर्डची मान्यता फक्त टिअर-1 ला आहे. जाहिरातीत हा आकडा सहसा नसतोच.

पुसदचं बाबासाहेब नाईक कॉलेज 1983 चं, यवतमाळचं जवाहरलाल दर्डा कॉलेज त्यानंतरचं. दोन्ही अमरावती विद्यापीठाच्या छत्राखाली वाढली. संलग्न कॉलेजला सिलॅबस विद्यापीठाचा, पेपरही विद्यापीठाचा. आणि अकॉर्डची सगळी भिस्त यावर, की विद्यार्थ्याला शेवटी काय यायला हवं हे ठरवून कॉलेज स्वतः अभ्यासक्रम बदलतं की नाही. जे हातातच नाही ते बदलणार कसं? तर्क बरोबर आहे. पण माझ्या मते याची किंमत चुकीच्या माणसाकडून घेतली जाते. वणीच्या किंवा दारव्ह्याच्या मुलीने लॅबमध्ये तितकीच मेहनत केली असेल, तरी कॉलेज कोणत्या प्रशासकीय रकान्यात बसतं यावर तिच्या डिग्रीचं परदेशातलं वजन ठरतं. आता बरीच कॉलेजं स्वायत्त होत आहेत, पण स्वायत्तता मिळाली म्हणजे टिअर-1 मिळालं असं नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी तपासणी.

टिअर-2 ची डिग्री वाया गेली का? अजिबात नाही. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तिथे इंजिनिअर म्हणून स्थायिक व्हायचं तर इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया तुमची पदवी तपासते. अकॉर्डमध्ये बसणारी पदवी असेल तर रस्ता सोपा. नसेल तर सीडीआर नावाचा रिपोर्ट लिहावा लागतो: तुम्ही स्वतः केलेल्या कामाचे तीन सविस्तर प्रसंग, शिवाय गोषवारा. वेळखाऊ आहे, पण दार बंद नाही. फक्त टेलिग्रामवर विकत मिळणारे तयार सीडीआर घेऊ नका, कॉपी पकडली की अर्ज नाकारतात.

जर्मनी तर या अकॉर्डमध्येच नाही. तिथे ‘अनाबिन’ नावाचा सरकारी डेटाबेस आहे, फुकट, मोबाइलवर उघडतो. त्यात डिग्री देणारी संस्था आणि डिग्रीचा प्रकार बघतात. अमेरिकेत एमएस करायचं असेल तर प्रवेश विद्यापीठ ठरवतं, अकॉर्ड नाही. सॉफ्टवेअरच्या नोकरीत तर याबद्दल कोणी सहसा विचारतही नाही. अडतं ते जिथे ‘इंजिनिअर’ हे नाव लावायलाच लायसन्स किंवा नोंदणी लागते तिथे: पूल, इमारती, वीज, आखाती देशांतले प्रोजेक्ट. आणि लक्षात ठेवा, अकॉर्ड म्हणजे लायसन्स नव्हे. तो फक्त सांगतो की तुमचं शिक्षण बरोबरीचं आहे; पुढची परीक्षा आणि अनुभव त्या त्या देशाच्या नियमाने. डिप्लोमावाल्यांना तर हा अकॉर्ड लागूच होत नाही, तो पदवीसाठी आहे.

तर ऑप्शन फॉर्म भरताना दहा मिनिटं काढा. एनबीएच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी आहे. त्यात कॉलेज शोधा, मग तुमची ब्रँच, मग टिअर, मग तारीख कुठपर्यंत आहे ते. आज मान्यता आहे पण 2027 ला संपते आणि तुम्ही 2029 ला पास होणार, तर कॉलेजात फोन करून विचारा की पुढचा अर्ज केलाय का. ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर तो ‘नाही’ समजून तुलना करा. आणि जे सापडेल त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, तारखेसकट. कुवेतमध्ये अडकलेल्या अनेकांना आपण पास झालो त्या वर्षी ब्रँचला मान्यता होती की नव्हती, हेच आधी शोधावं लागलं होतं.