जाळी उतरली ती शिकवणुकीने : नागालँडच्या अमूर ससाण्याचा धडा

दरवर्षी ऑक्टोबर महिना उजाडला की, सैबेरियाच्या पूर्व भागातून आणि उत्तर चीनमधून निघालेले लक्षावधी अमूर ससाणे नागालँडच्या वोखा जिल्ह्यात, दोयांग जलाशयाच्या काठी उतरतात. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी तेथे काही आठवडे उडत्या वाळवीवर आपले पोट भरतो. नंतर भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून अखंड उड्डाण करीत तो आफ्रिकेच्या दक्षिण भागात पोहोचतो. या प्रवासात त्याचे काही थवे आपल्या महाराष्ट्राच्या आकाशातूनही जातात. लोणावळ्याच्या परिसरात पक्षिनिरीक्षकांना ते दिसले आहेत.

या पाहुण्याचे स्वागत पूर्वी कसे होत असे, हे २०१२ साली जगाला कळले. पत्रकार बानो हारालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी दोयांगच्या काठी पोहोचले, तेव्हा तेथे झाडांमधून मासेमारीची जाळी उंच ताणलेली होती. संध्याकाळी विसाव्याला येणारे पक्षी त्यांत अडकत. मग ते मारून, पिसे काढून, धुरावर भाजून विकले जात. या पाहणीच्या अंदाजानुसार त्या एका हंगामात सुमारे १,२०,००० ते १,४०,००० ससाणे मारले गेले. ही छायाचित्रे आणि चित्रफीत प्रसिद्ध होताच देशविदेशांतून संतापाची लाट उसळली.

शिकारी कोण होते?

येथे घाईने न्याय करणे योग्य होणार नाही. दोयांग नदीवर धरण झाले आणि पांगती व आसपासच्या गावांतील लोथा नागांची सुपीक शेतजमीन पाण्याखाली गेली. शेती गेली, म्हणून काहींनी मासेमारी पत्करली. त्याच जलाशयाच्या काठी ससाण्यांचे प्रचंड थवे उतरू लागले आणि माशांची जाळी झाडांवर चढली. काही आठवड्यांच्या या कमाईवर अनेक घरांचा वर्षाचा मोठा खर्च भागत असे. पक्षी कोठून येतो, कोठे जातो, तो संपू शकतो काय, हे त्या माणसांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. आकाशातून आपोआप येणारे हे धन कधी आटेल, असे त्यांना वाटावे तरी कशावरून?

कायदा होताच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार निषिद्ध आहे आणि स्थलांतरित प्राण्यांच्या रक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९८३ सालीच संमती दिली आहे. परंतु नागालँडमधील बहुतेक जंगल सरकारच्या नव्हे, तर गावांच्या व कुळांच्या मालकीचे आहे. राज्यघटनेच्या ३७१ (अ) कलमाने तेथील परंपरागत कायदा व जमिनीची मालकी यांना विशेष संरक्षण दिले आहे. गावाने मनावर घेतल्याविना तेथे शासनाचा आदेश कागदावरच राहिला असता.

एका वर्षातील परिवर्तन

गावाने मनावर घेतले. हारालू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी बैठका घेतल्या. शाळकरी मुलांसाठी निसर्ग मंडळे सुरू झाली आणि ज्या मुलांचे वडील जाळी लावत, तीच मुले ससाण्याचा जीवनक्रम शिकू लागली. २०११ च्या जनगणनेनुसार नागालँडमध्ये सुमारे ८८ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, त्यांतील बहुसंख्य बॅप्टिस्ट. तेथील चर्चमधूनही शिकारीविरुद्ध आवाहन झाले. ग्रामपरिषदांनी शिकारबंदीचे ठराव केले. २०१३ च्या हंगामात दोयांगच्या काठी एकही ससाणा जाळ्यात मारला गेला नाही, अशी नोंद झाली.

त्याच वर्षी भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्याने तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली लहान यंत्रे बसविली. त्यांना नावे दिली ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचला, ही वार्ता ज्याने ऐकली, त्याला तो पक्षी पुन्हा निव्वळ मांस म्हणून कसा दिसावा? पुढे पांगतीमधील पूर्वीच्या शिकाऱ्यांनीच पक्ष्यांच्या विसाव्याची जागा राखण्यासाठी संघटना उभारली.

यशाच्या मर्यादा

तथापि, ही कथा येथे संपत नाही. शेजारच्या मणिपूरमधील तामेंगलाँग जिल्ह्यात २०१८ साली यंत्र बसविलेला ‘मणिपूर’ नावाचा ससाणा काही दिवसांतच मारला गेलेला आढळला. एकदा दिलेली शिकवण कायमची पुरत नाही. ती प्रत्येक हंगामात आणि प्रत्येक पिढीला नव्याने द्यावी लागते. शिवाय, ज्यांनी उत्पन्न सोडले, त्यांच्या चुलीचा प्रश्न उरतोच. पर्यटनातून थोडाफार पैसा येतो. परंतु हंगाम अल्पकाळाचा असतो आणि तो पैसा सर्व घरांपर्यंत पोहोचत नाही. गरिबाने त्याग करावा आणि दूर बसलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात, हे न्याय्य नव्हे. लोकांच्या उपजीविकेची काळजी न वाहणारे निसर्गशिक्षण फार काळ टिकणार नाही.

आपल्यासाठी बोध

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचे अखेरचे प्रकरण पर्यावरणविषयक शिक्षण व आध्यात्मिकता यांना वाहिले. सवयी बदलल्याविना केवळ कायद्याने सृष्टीचे रक्षण होणार नाही, हा त्यातील विचार दोयांगच्या काठी त्याआधीच प्रत्यक्षात उतरला होता. तो उतरविणारे आपल्याहून वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे, साधे ग्रामस्थ होते, हेही नम्रपणे ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्या धर्मग्रामांत शाळा आहेत, धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, युवकांची मंडळे आहेत. वाडीतल्या बावखलावर कोणते पक्षी येतात, ते बावखल बुजले तर विहिरीच्या पाण्याचे काय होईल, हे आपली मुले कोणाकडून शिकणार? उत्तर ठाऊक असलेली वडीलधारी माणसे अजून आपल्यामध्ये आहेत. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन त्यांच्याजवळ बसावे. पांगतीतही सुरुवात अशा बैठकीनेच झाली होती.