नकार देणाऱ्याची चूल कोण पेटवणार?

परकी सत्तेला निःशस्त्र जनता कशी रोखते, याचा सराव आम्ही विद्यार्थ्यांकडून करून घेतला. प्रसंग खरा होता: १९४२ सालचा, नाझींच्या ताब्यातला नॉर्वे. क्विसलिंग सरकारने शिक्षकांवर आपली संघटना लादली. हजारो शिक्षकांनी लेखी नकार दिला. हजाराहून अधिकांना अटक झाली. शेकडोंना उत्तर टोकाच्या किर्केनेसला सक्तमजुरीसाठी धाडले. तरीही शिक्षक नमले नाहीत.

सरावात पोरांनी मोर्चे ठरवले, घोषणा लिहिल्या. पगार थांबलेल्या शिक्षकाच्या घरी काय शिजेल, हे मात्र एकाच मुलीने विचारले. आमच्या मते तोच खरा प्रश्न. १९२७ च्या महाडनंतर गावोगावी आपल्या माणसांनी मारहाण आणि बहिष्कार सोसला. म्हणून नकाराची हाक देण्याआधी नकार देणाऱ्यासाठी धान्य, निधी आणि वकील तयार ठेवा. बाबासाहेबांच्या ‘संघटित व्हा’चा आम्हाला कळलेला अर्थ हाच.

जयभीम!