शालेय प्रकल्प : शोध की उतारा?

‘प्रकल्प’ हा शब्द आता महाराष्ट्रातील घराघरांत रुळला आहे. परंतु तो ज्या अर्थाने रुळला आहे, तो शिक्षणाविषयी आस्था असणाऱ्या कोणालाही चिंतेत टाकील असाच आहे. सहावी-सातवीतील मुलाला ‘जलप्रदूषण’ किंवा ‘आपले सण’ असा विषय मिळतो. मग वडील संगणकावरून मजकूर उतरवून घेतात, आई रंगीत कागदावर चित्रे डकवते, झेरॉक्सच्या दुकानातून सुबक बांधणी होऊन येते आणि मूल मुखपृष्ठावर तेवढे आपले नाव घालते. शिक्षक वही चाळून गुण देतात. ह्या व्यवहारातील खरे काय आहे हे पालकांना ठाऊक असते, शिक्षकांना ठाऊक असते, आणि सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे मुलालाही ठाऊक असते. सत्याची चाड ज्या वयात मनात रुजावयाची, त्याच वयात परक्या मजकुरावर स्वतःचे नाव घालण्याचा पहिला धडा शाळेच्या साक्षीने गिरवला जातो.

वस्तुतः प्रकल्पामागची मूळ कल्पना ह्याच्या अगदी उलट होती. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किल्पॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धतीची मांडणी केली, तेव्हा विद्यार्थ्याने स्वतः हेतू ठरवून मनापासून हाती घेतलेले काम हेच तिचे मर्म मानले होते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तिच्यातील आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रयोग, स्वाध्याय ह्यांच्या जोडीने प्रकल्पालाही स्थान मिळाले. घोकंपट्टीला पर्याय मिळावा हा तिचा हेतू स्तुत्यच होता. तथापि हेतू कागदावर राहिला आणि प्रकल्पाची गणना गुणपत्रकातील एका रकान्यात होऊ लागली. घोकंपट्टीत निदान मुलाच्या स्मरणशक्तीला तरी श्रम पडत. उताऱ्यात तेवढेही पडत नाहीत.

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना संशोधन कसले झेपणार, असा प्रश्न येथे हटकून विचारला जातो. त्याला उत्तर आहे. ह्याच वयाच्या सुमारास मूल ‘असे असेल तर काय होईल’ असा तर्क करू लागते, हे प्रतिपादन ज्याँ पियाजे यांनी फार पूर्वी केले. अनुभवाचा पुरावाही आपल्या शेजारीच आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ ग्रामीण शाळांतून सहावी ते आठवीच्या मुलांसाठी विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या त्याच्या पुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. मुले स्वतः प्रयोग करीत, शिवारात फिरत, दिसेल ते वहीत नोंदवीत आणि परीक्षेलाही पुस्तके व वह्या उघड्या ठेवून बसत. २००२ साली शासनाने तो उपक्रम बंद केला. परंतु साध्या खेडेगावातील मुलांना निरीक्षण आणि अनुमान जमते की नाही, ही शंका त्याने तीस वर्षांत निकालात काढली होती. मुंबईत १९८१ पासून चालत आलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावीच्या विद्यार्थ्यांकडूनही कृती-संशोधन प्रकल्प घेतला जातो. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दहा वर्षांपुढील मुले आपल्या परिसरातील प्रश्नांवर काम करून निबंध मांडत आली आहेत. म्हणजे क्षमतेचा प्रश्न नाही. उणीव आहे ती एवढीच की, निवडक मुलांना जे मिळते ते वर्गातील उरलेल्यांना मिळत नाही.

मग मुलांना नेमके शिकवावयाचे काय? पहिली गोष्ट, विषय आणि प्रश्न ह्यांतील भेद. ‘पाणीटंचाई’ हा विषय झाला. त्यावर केवळ उतारा होऊ शकतो. ‘आमच्या वाडीतील तीन विहिरींचे पाणी दिवाळीपासून होळीपर्यंत किती खाली जाते?’ हा प्रश्न झाला. त्याला गाठी मारलेला दोर लागतो, आठवड्याची नोंद लागते आणि त्याचे उत्तर कोणत्याही संकेतस्थळावर सापडत नाही. ‘आजीच्या लहानपणी शेतात पेरली जाणारी कोणती धान्ये आज पेरली जात नाहीत?’ किंवा ‘आमच्या रस्त्यावरील कोणत्या झाडाखाली दुपारी माणसे थांबतात आणि का?’ हेही तसेच प्रश्न. प्रश्न लहान असावा, आवाक्यातला असावा आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्यालाही आधी ठाऊक नसावे.

दुसरी गोष्ट, आधाराची नोंद. कोणी सांगितले, केव्हा सांगितले, कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर आढळले, हे लिहिण्याची सवय ह्याच वयात लागली पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास आरंभ केला. जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळीत ते गावोगाव हिंडले ते अस्सल कागदाच्या शोधात. ज्या भाषेला अशी परंपरा आहे, त्या भाषेतील मुलाला ‘ही माहिती कोठून घेतली?’ असे कोणी विचारूच नये, हे खेदजनक आहे. दोन आधार परस्परविरोधी निघाले तर फारच उत्तम. गावचा तलाव १९७२ च्या दुष्काळी कामातून झाला असे एक आजोबा सांगतात, दुसरे म्हणतात तो त्याच्याही आधीचा. अशा वेळी बांधावरची कोनशिला पाहावयास निघालेले मूल संशोधनाच्या वाटेवर लागलेच म्हणावयाचे. तिसरी गोष्ट, स्वतःच्या शब्दांत लिहिणे. उतरवलेल्या मजकुरातील निम्म्या शब्दांचा अर्थ मुलाला सांगता येत नाही. त्यापेक्षा स्वतःच्या भाषेत लिहिलेली दोन पाने, तीत एक तक्ता आणि अखेरीस ‘हे मात्र कळू शकले नाही’ अशी एक प्रांजळ ओळ, एवढा निबंध कितीतरी मोलाचा.

शिक्षकांची अडचण येथे दृष्टिआड करून चालणार नाही. साठ मुलांचा वर्ग, माहितीचे तक्ते, निवडणुकीची कामे ह्यांतून प्रत्येक विषयाचा प्रत्येक प्रकल्प ते बारकाईने पाहू शकतील, ही अपेक्षाच अवास्तव आहे. म्हणून सर्व विषयांत प्रकल्पांचा रतीब घालण्याऐवजी वर्षाकाठी एकच काम, चार-पाच मुलांच्या गटाने करावे. शिक्षकांनी नोंदवही तीन वेळा पाहावी आणि शेवटी प्रत्येक गटाला पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत. गुण प्रश्नाला, नोंदींना आणि उत्तरांना असावेत. सजावटीला एकही नसावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात दहा दिवस दप्तराविना घालवण्याची सूचना केली आहे. कुंभाराच्या आव्यापाशी किंवा सुताराच्या कामट्यावर घालवलेल्या त्या दिवसांतून असे कितीतरी प्रश्न निघू शकतील.

कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे हवा तो निबंध क्षणार्धात लिहून देऊ लागल्यापासून ह्या बदलाची निकड अधिकच वाढली आहे. सुबक अक्षर, सफाईदार भाषा आणि पानांची संख्या ह्यांवरून मुलाच्या श्रमाचे माप घेण्याचे दिवस संपले. परंतु वाडीतील विहिरीत दोर सोडून कोणत्याही यंत्राने पाणी मोजलेले नाही. ते मोजणाऱ्या मुलाला पाच मिनिटे बोलते केले की खरेखोटे आपोआप उघड होते.

ह्यात सामाजिक न्यायाचाही एक प्रश्न गुंतलेला आहे. आजच्या पद्धतीत ज्याच्या घरी संगणक, रंगीत छपाई आणि शिकलेले पालक, त्याचा प्रकल्प पहिला येतो. धनगरवाड्यावरच्या मुलीजवळ ह्यांतील काहीही नसते. परंतु कोणते गवत कोणत्या पावसानंतर येते आणि मेंढरे कशाला तोंड लावीत नाहीत, ह्याचे ज्ञान तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साठलेले असते. शाळेने ते लिहावयास लावले, तर प्रथमच तिच्या घराला वर्गात किंमत येईल.

अशा शिक्षणातून सारीच मुले शास्त्रज्ञ होतील असे नाही, तशी गरजही नाही. परंतु अफवा, जाहिरात आणि आश्वासन ह्यांच्या गदारोळात वाढणाऱ्या प्रत्येक नागरिकाला एक शब्द उच्चारता आला पाहिजे : ‘कशावरून?’ तो शब्द शिकवण्याचे योग्य वय सहावी-सातवीचेच आहे. शिक्षण खात्याने गुणदानाचे निकष बदलावेत, शाळांनी सजवलेल्या वह्यांची प्रदर्शने आवरती घ्यावीत आणि पालकांनी मुलाच्या हातातील कात्री व डिंक काढून घेण्याचा मोह टाळावा. वेड्यावाकड्या अक्षरांतील दोन पाने हाती येतील. पण ती त्या मुलाची स्वतःची असतील.