पहार आधी, गिरमिट नंतर

परवा शिकागोहून भाच्याचा फोन आला. "मामा, जानेवारीच्या शेवटी येतोय, बर्फावर मासे पकडायला न्याच! काय काय विकत घेऊ?" पाठोपाठ त्याने एक यादीही पाठवली. ऑगर, म्हणजे बर्फाला भोक पाडायचं बॅटरीवरचं गिरमिट, मासे दाखवणारा सोनार, घडीचा तंबू, प्रोपेनचा हीटर, दोन आखूड गळकाठ्या. एकूण रक्कम वाचून मी आधी चहा ठेवला.

यादी चुकीची नाही, उलटी आहे. दुकानात जा, नेटवर बघा, सगळीकडे ती अशीच सापडते, कारण तिचा विषय मासे मिळवणं हा असतो. घरी परत कसं यायचं, हा विषय शेवटच्या ओळीत. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. ताई, तूही वाचशीलच, तर नीट बसून वाच.

आम्ही जातो ते मिल लॅक्सला, मिनियापोलिसपासून सुमारे 100 मैल उत्तरेला. तळं म्हणायचं एवढंच, पसारा 530 चौरस किलोमीटरच्या आसपास. समोरचा किनारा दिसत नाही. खोली मात्र जास्तीत जास्त चाळीसेक फूट. मालवणात मामाबरोबर गरवायला जायचो तेव्हा वाऱ्याची दिशा आधी बघायची सवय होती. इथे पाणी गोठलेलं म्हणून मी ती सोडून दिली, आणि इथेच माझं चुकलं.

लहान तळ्यावर बर्फाची जाडी बघितली की बरंचसं काम झालं. इथलं नैसर्गिक संसाधन खातं (डीएनआर) सांगतं की पायी जायला निदान 4 इंच, स्नोमोबाईलला 5 ते 7, छोट्या गाडीला 9-10. तेही नव्या, पारदर्शक बर्फाचे आकडे. दुधाळ पांढरा असेल तर जाडी दुप्पट धरायची. पण मोठ्या तळ्यावर वारा अख्खी लादी किनाऱ्यापासून सोडवून नेतो. लादी चांगली जाड असली तरी नेतो. डिसेंबर 2023 मध्ये मिनेसोटातल्याच अप्पर रेड लेकवर शंभरावर माणसं अशी तुटलेल्या लादीवर अडकली आणि त्यांना सोडवून आणावं लागलं. फेब्रुवारी 2009 मध्ये लेक एरीवर, ओहायोच्या बाजूला, असंच झालं. शंभराहून जास्त लोकांना वाचवलं, एकजण दगावला. तिथे तर आधीच भेग पडलेली होती. लोक तिच्यावर लाकडी पॅलेट टाकून पुढे गेले होते!

वेडेपणा वाटतो ना? मला वाटत नाही. पहाटे चारला उठून, दोन तास गाडी हाकून, जिवंत मिनो विकत घेऊन माणूस किनाऱ्यावर उभा राहिला की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं: "इतक्या लांब आलोय तर..." माझ्या मते पातळ बर्फाइतकंच धोक्याचं आहे ते वाक्य.

माझ्याही तोंडून निघालं होतं. तीन-चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मी आणि ऑफिसातला एक मित्र, दोघंच, पायी. किनाऱ्याजवळ भोक पाडून मोजलं तर 5 इंच. झालं, पुढे मोजलंच नाही. पहार गाडीतच, उगाच ओझं कशाला म्हणून. अर्ध्या मैलावर बर्फाच्या भुकटीखाली लपलेल्या भेगेत माझा उजवा पाय कमरेपर्यंत गेला. श्वासच लागेना. बर्फात रोवून बाहेर यायचे खिळे माझ्याकडे होते, नव्हते असं नाही. ते पाकिटात बंद, स्लेडवरच्या पिशवीच्या तळाशी! मित्राने आडवं पडून स्लेड माझ्याकडे ढकलली आणि दोरी धरून ओढलं. परत येताना गाडीत आम्ही फक्त क्रिकेटवर बोललो. घरी "पँट ओली झाली" एवढंच सांगितलं. बायकोला बाकीचं आज, इथेच कळतंय. (आज जेवण मिळेल ना?)

तर माझी यादी. पहिला नंबर फोनचा. निघायच्या आदल्या संध्याकाळी तळ्याकाठच्या आमिषाच्या दुकानात किंवा रिसॉर्टवर विचारायचं: वारा कुठला आहे, भेगा कुठे आहेत, रस्ता उघडला का. रिसॉर्टवाले पैसे घेऊन बर्फावरचा रस्ता साफ ठेवतात, भेगांवर पूल टाकतात. ते पैसे वाचवू नयेत. दुसरी पहार. दर काही पावलांवर पुढे मारून बघायची, आरपार गेली तर मागे फिरायचं. तिसरे ते खिळे. दोन लाकडी मुठी, एकेक खिळा, मध्ये दोरी. घरीही करता येतात, पण गळ्यात हवेत. चौथा पाण्यावर तरंगणारा कोट.

पाण्यात पडलंच तर मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्त यांचा हिशोब लक्षात ठेवायचा: श्वास ताब्यात आणायला 1 मिनिट, हातपाय चालतात तोवर 10 मिनिटं, शुद्ध जायला साधारण 1 तास. म्हणजे वेळ असतो. आलो त्याच दिशेला वळायचं, खिळे रोवायचे, पाय मारायचे आणि बाहेर आल्यावर उभं न राहता लोळत जायचं.

कपड्यांचं थोडक्यात: आतून सुती काही नको, ओलं झालं की गारठवतं. लोकर किंवा थर्मल. बुटांना क्लीट्स. तंबूत हीटर लावला तर हवा खेळती ठेवायची आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म हवाच. गिरमिट, काठ्या माझ्याकडे आहेत. सोनार घेऊ नकोस. त्या पैशांत कोट येईल. तुझं थोड्या दिवसांचं लायसन्स मात्र लागेल, आणि वॉलायचे नियम बदलत असतात, ते मी बघून ठेवतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी दुकानात फोन करीन. ते नाही म्हणाले तर नाही. 2024 च्या त्या उबदार हिवाळ्यात गल लेकवरची प्रचंड मोठी स्पर्धासुद्धा बर्फाअभावी रद्द झाली होती, आपलं काय घेऊन बसलास. फ्रीजरमध्ये सुरमई आहे. मामीला विचारून ठेवतो.