थंडी आली, माणसं गेली

डिसेंबर उजाडला की आपल्या घराघरांतून एकच विषय निघतो, बर्फ बघायला कधी जायचं? कुलू-मनाली, गुलमर्ग, जमलंच तर स्वित्झर्लंड. भाड्याचे कोट, भाड्याचे गमबूट आणि परतल्यावर दाखवायला ढीगभर फोटो. बर्फाला नावं ठेवायची नाहीत. साठीच्या आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा मूठभर बर्फ हातात घेतला की त्यांचा जो चेहरा होतो, त्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल समजावेत. पण गंमत पाहा, आपण तिकडे धावतो त्याच दिवसांत काश्मिरी शालवाला गाठोडं पाठीवर टाकून आपल्या दारात उभा असतो! त्याच्या गावी २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ चालतो. तेव्हा घरात मंडळी फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसलेली असतात. थंडीचं निम्मं सुख त्या कांगडीत असतं.

आणि ती ऊब मिळायला बर्फच पडायला हवा असं कुठे आहे? डहाणू तालुक्यातलं सरावली घ्या, किंवा तिथून तलासरीपर्यंतचा कुठलाही पाडा घ्या. पारा पंधरा-सोळापर्यंत उतरला तरी इथे हुडहुडी भरते. शाळेच्या भूगोलात घोकलेले मतलई वारे पहाटे अंगाला झोंबतात तेव्हा कळतं, की पुस्तकातला तो धडा खरा होता. भात कापून झालेल्या शेतात उरल्यासुरल्या ओलीवर आणि दंवावर वाल येतो. शिंदीच्या झाडावरून उतरवलेली नीरा ऊन चढायच्या आत प्यायची, नाहीतर ती आंबते. आळशी माणसाला हे पेय नाही! पुढे गुजरातच्या हद्दीत शिरलं की महामार्गाच्या कडेला उंबाडियूची मडकी दिसतात. वालपापडी, कंद, रताळी, बटाटे, ओवा आणि हिरवा मसाला मडक्यात भरायचा, तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. ना तेल, ना पाणी. रायगडातल्या पोपटीची ही सख्खी बहीण. कुणाची चव सरस, हा वाद त्या दोघींनी आपसात मिटवावा.

या दिवसांचा राजा मात्र तारपा. वाळका दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान यांतून वारली माणसाने हे वाद्य घडवलं. नवं भात घरात आलं की ते घुमू लागतं. वाजवणारा मधे आणि कमरेला हात गुंफलेली साखळी त्याच्याभोवती. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही साखळी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांनी जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. चित्र आज मुंबईच्या दिवाणखान्यांत, चहाच्या कपांवर, साड्यांच्या पदरांवर आहे. पण ज्यांचं ते चित्र, ती माणसं ऐन थंडीत असतात कुठे?

पावसाच्या पाण्यावरचं भाताचं एकच पीक. ते संपलं, दिवाळी उरकली, की उचल घेतलेली कितीतरी कुटुंबं चुलीच्या सामानासकट वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, काही गुजरातेत बांधकामावर. परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. ज्या पहाटे आपण गोधडी डोक्यावर ओढून घेतो, त्याच पहाटे ती माणसं गार चिखल तुडवत असतात. भट्टीवरच्या झोपडीला ‘भोंगा’ म्हणतात. त्या मुलांसाठी विधायक संसदेने १९९०च्या दशकात ‘भोंगाशाळा’ चालवल्या, त्या याच नावाच्या. भट्टीपाशी धग खूप असते. तिला शेकोटी कसं म्हणायचं?

म्हणून थंडीच्या साध्यासुध्या आनंदावर लिहिताना पाण्याचा विषय टाळता येत नाही. सूर्या नदीवर धामणीचं धरण बांधलं ते याच आदिवासी पट्ट्याला दुबार पीक मिळावं म्हणून. त्यातल्या पाण्याचा मोठा वाटा पुढे वसई-विरार आणि मिरा-भाईंदरच्या नळांसाठी ठरला. शहरांना तहान आहे, हे मान्य. पण आमच्या पहाटेच्या गिझरात जे पाणी तापतं, त्यातलं थोडं कुणाच्या तरी वालाच्या वाफ्याचं आहे, एवढं तरी ठाऊक असावं. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली देशात प्रथम करणारं राज्य आपलंच. दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मुकादमाची उचल हातात पडायच्या आत, पाड्यालगत बंधाऱ्याचं काम आणि वेळेवर मजुरी मिळाली, तर किती बिऱ्हाडं ट्रकमध्ये चढतील? काही तरीही जातील. कर्ज असतं, लग्न असतं. पण बरीचशी थांबतील असं मला वाटतं.

आणि ती थांबली, तर जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी डहाणूची लोकल धरून आपणही जावं. नीरा हवी असेल तर मुक्काम करावा लागेल. स्वेटर न्यावा, आणि रात्री लांबून तारपा ऐकू आला तर बोलावणं येईपर्यंत अंगणाबाहेरच थांबावं.